दोन कार्बन सायकली आणि माझी ताजी कंबर

मंडळी, डोकं पार चक्रावलंय, म्हणून तुम्हालाच विचारतो.

मागच्या दोनशे किलोमीटरच्या राईडला अर्ध्यातच कंबर धरून बसलो आणि सायकल टेम्पोत टाकून घरी आलो. तेव्हाच ठरवलं, लांब पल्ल्याला आरामशीर अशी कार्बनची सायकल घ्यायची. आज सकाळी वडिलांना, म्हणजे आमच्या आबांना, स्कूटरवर मागं बसवलं आणि औरंगपुऱ्यातलं दुकान गाठलं.

दुकानदारानं दोन सायकली काढल्या. एक रेसची, लई वाकून चालवायची. दुसरी एन्ड्युरन्सची, हँडल उंच, टायर रुंद. म्हणाला, "भाई, लंबी राइड करनी है तो यही लो. हादरे कमी बसतात."

दोन्हींवर दहा-दहा मिनिटं फिरून आलो. दोन्ही लोण्यावानी! परत एकदा फिरलो. तरी फरक कळंना.

आबांची सगळी हयात मेंढरांमागं चालण्यात गेली. ते स्टुलावर बसून बघत होते. शेवटी म्हणाले, "आपण चप्पल कधी घेतो रं?"

"संध्याकाळी."

"व्हय. दिवसभर चालून पाय सुजले की मंग. ताज्या पायाला कुठलीबी चप्पल बरीच लागती."

दुकानदार हसला. मला नाय हसू आलं. सायकल न घेताच परत आलो.

आता खरं सांगा. रविवारी जुन्या सायकलीवर शंभर किलोमीटर मारून, कंबर मोडून, तसाच घामेजलेला दुकानात जाऊ का? अन् गेलोच, तर तो मला त्या कोऱ्या सीटवर बसू देईल का?