नळी फिरवून बघितली का?

त्या दुपारी कारखान्यातले कापड विणायचे लूम एकाएकी थांबले. वीज गेली असेल म्हणून मी कापड तपासायच्या टेबलावरून मान वर केली, तर टेबलाच्या काचेखालची ट्यूब चालूच होती आणि दारात आमचे हे उभे होते... लूम त्यांनीच बंद करायला लावले होते. माझे धाकटे दीर, प्रकाशभाऊजी, आजारातून उठतील अशी आशा मी त्या क्षणापर्यंत धरून होते. त्यांना जाऊन आता दीड महिना झाला.

आमच्या घरातले सगळे अंजूरच्या शेतातून निजामपुऱ्यात लूमवर आले. भाऊजी एकटे पदार्थविज्ञान शिकत बसले. धातूची वाफ भरलेल्या काचेच्या नळीतून ते लेझर सोडायचे. आत शिरताना उजेडाचा साधा गोल ठिपका, पलीकडे पडद्यावर सहा ठिपक्यांचं फूल. उजेड वाफेला बदलतो, वाफ उजेडाला वळवते आणि त्यातून नक्षी उठते, असं मी भाकऱ्या थापत असताना त्यांनी समजावलं होतं. मला निम्मं कळलं. एका रविवारी ते त्या नक्षीचे फोटो घेऊन आले, चेहरा नुसता फुललेला. "वहिनी, ही कोनी काढलेली न्हाय. आपसूक झालीय." त्यावरचा प्रबंध पुढच्याच आठवड्यात द्यायचा होता.

माझी जीभ जरा पुढेच धावते. कापडात डाग दिसला की मी आधी कापड सरकवते. डाग सोबत सरकला तर कापडाचा, जागीच राहिला तर कापडाचा दोष नाही. तेच डोक्यात ठेवून विचारलं, "भाऊजी, नळी फिरवून बघितली का? नक्षी तिच्यासंगं फिरली तर खोट काचंत हाय." ते ताटावरून तसेच उठले. चार दिवसांनी फोन आला... "फिरली, वहिनी." एवढंच. दोन वर्षांची मेहनत पाण्यात गेली, प्रबंध राहिला. पुढे सात महिने ते घरी फिरकले नाहीत. यांनी मला फैलावर घेतलं. मीही स्वतःलाच बोल लावत राहिले.

गणपतीला मात्र आले, नव्या नळीतले नवे फोटो घेऊन. "आता किती बी फिरवा, नक्षी जागची हलत न्हाय." मग रिकामी केलेली जुनी नळी माझ्या हातात दिली. "ही तुमच्याकडं ठेवा. तुम्ही बोलला नसता तर मी खोटं लिहून बसलो असतो."

इतकी वर्षं ती कपाटात होती. परवा काढून टेबलाजवळच्या खिडकीत ठेवली. दुपारी पांढऱ्या कापडावर एक पुसट डाग दिसला. खूण करायला खडू उचलला, सवयीनं कापड सरकवलं... डाग जागीच राहिला. मी खिडकीकडे बघितलं, ऊन भाऊजींच्या नळीतून येत होतं, आणि दीड महिन्यात पहिल्यांदा पोटभर रडले. ऊन उतरेपर्यंत त्या कापडाला मी हात लावला नाही.