साखळी तोडू नका

माझ्या भाचीचा गुडघा माझ्यामुळे गेला, आणि वर्षभर मी लोकांना चूक तिचीच असल्याचं भासवत राहिलो. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर लिहिता लिहिता मी पुन्हा स्वतःला सांभाळून घेईन.

डोंबिवलीतला आमचा ट्रेकचा ग्रुप जुना. सह्याद्रीत नवी माणसं घेऊन जायचो तेव्हा मी एकच ओरडायचो, "साखळी तोडू नका." धुक्यात, कारवीच्या रानात एखादा मागे राहिला की तो चुकलाच. पुढच्याची पाठ दिसत राहायला हवी. भाची लहान असताना मला जेवायला यायला उशीर झाला की ती चिडवायची, "मामा, साखळी तुटली."

मोठेपणी तिने बर्फातल्या गिर्यारोहणाचं रीतसर शिक्षण घेतलं. मागच्या हिवाळ्यात आम्ही मोजकेच जण हिमालयात गेलो ते तिच्याच भरवशावर. परतीच्या आदल्या रात्री खूप बर्फ पडला, वाराही होता. सकाळी निघालो तर पायाखाली मधूनच धप्प असा पोकळ आवाज यायला लागला. खाली उतरायला एक बर्फाची घळ ओलांडावी लागणार होती. भाची तिच्या काठावर थांबली.

"नवा थर जुन्यावर बसलेला नाही. आज तंबूतच राहू या, मामा."

"परतीची तिकिटं आहेत अगं," मी म्हणालो.

ती बराच वेळ त्या उताराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तर मग एकेकाने जायचं. एक जण पलीकडे पोचल्याशिवाय दुसऱ्याने पाऊल टाकायचं नाही. एकाचं वजन हा उतार कदाचित पेलेल, सगळ्यांचं नाही. आणि बर्फ सुटलाच तर खणून काढायला बाकीचे मोकळे हवेत. मामा, इथे साखळी तोडायची."

"ते झोपेतसुद्धा तोडायचे नाहीत," मागून कुणीतरी माझ्याकडे बघत म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो.

ती पुढे निघाली. निम्म्यावर गेली असेल, तेवढ्यात धुकं उतरलं. तिचं लाल जॅकेट फिकट होत गेलं, आता दिसेनासंच होईल असं वाटलं. एवढ्या वर्षांचं वाक्य आपसूक तोंडातून निघालं, "साखळी तोडू नका. चला, पाठ दिसू दे." मी उतारावर पाऊल टाकलं. मागच्या दोघांनीही टाकलं. ते नेहमी माझ्याच मागे चालत आले होते.

माझा आवाज ऐकून ती थांबली. मागे वळून दोन्ही हातांनी आम्हाला परत जायची खूण करू लागली. तरी आम्ही आणखी थोडे पुढे गेलो. मग तिच्या वरच्या बाजूला सुरीने कापावी तशी एक रेघ उमटली, आणि मधला सगळा उतार सुटला. आम्ही कडेला होतो, पडलो आणि तिथेच राहिलो. ती खाली गेली.

सगळं थांबलं तेव्हा बर्फातून तिचा एक हात वर दिसत होता. फावड्यांनी खणून काढलं. जीव वाचला. गुडघा मात्र पार पिरगळला होता.

नौपाड्यात बहिणीच्या घरी तिला सोडलं. बहिणीने विचारलं, "झालं कसं हे?"

"उतारावर मधेच थांबली गं ती," मी म्हणालो.

ते खोटं नव्हतं, म्हणूनच बोलायला सोपं गेलं. भाचीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "आई, पाणी दे."

पुढे ग्रुपमध्ये तेच पसरलं. उतारावर मधेच थांबू नका, असं नव्या मुलांना सांगताना लोक तिचा दाखला द्यायचे. मी ऐकायचो आणि गप्प बसायचो.

या हिवाळ्यात गुडघा सावरल्यावर ती मानपाड्याला आमच्या बैठकीला आली. यंदाचा बर्फातला ट्रेक मला नेऊ द्या, म्हणाली.

"तू ये की," ग्रुपमधला एक जुना सोबती म्हणाला, "पण पुढे दुसरं कुणीतरी असू दे. तू मधेच थांबतेस." दोघंतिघं हसले. ती उठली. सॅक उचलून, एका पायावर जरा जास्त भार देत दाराकडे निघाली.

मी उभा राहिलो. "ती थांबली ती आम्हाला मागे फिरवायला. तिने एकेकाने यायला सांगितलेलं. एक दिवस थांबायलाही सांगितलेलं. मी दोन्ही ऐकलं नाही. बर्फ आमच्या वजनाने सुटला, आणि त्या उतारावर सगळ्यांना मी आणलेलं."

ती दारातच थांबली होती. बाकीच्यांकडे न बघता मी तिला म्हणालो, "माझी चूक वर्षभर तुझ्या अंगावर राहू दिली. मला माफ कर, बाळा."