बांधावरचा इंग्रजीचा तास

इंग्रजीच्या तासाला अत्तार सर वर्गात यायचे ते अनवाणीच. दहाव्या मिनिटाला आम्हाला घेऊन बांधावर जायचं असायचं, मग बूट कशाला? ‘जो शब्द हाताला लागत नाही, तो तोंडात टिकत नाही,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तिकोणा पेठ या आमच्या गावच्या शाळेत मी तेव्हा आठवीत होतो.

‘ग्रो’ म्हणजे वाढणे, हे आम्ही गाईडातून पाठ केलेलं. सरांना ते पुरेना. शाळेमागच्या भातखाचरात उभं करून म्हणाले, ‘हिरवा तो ग्रीन, गवत ते ग्रास आणि हा ग्रो. तिघं एकाच मुळाचे. जुन्या इंग्रजीत हा शब्द मुख्यतः झाडापाल्यासाठी होता. माणसांच्या वाढण्याला निराळा शब्द होता, तो मागं पडला. गवताच्या शब्दानं माणसंही घेतली. चिवट जात आहे.’ मग प्रत्येकानं एक रोप चिखलात लावायचं आणि लावताना त्या शब्दाचं स्वतःचं वाक्य म्हणायचं. गाईडातलं वाक्य आलं की सर रोप उपटून परत हातात द्यायचे.

माझे वडील, आबा, धरणाकाठच्या रिसॉर्टवर वॉचमन होते. मला तिथल्या काउंटरवर बसवायचं त्यांनी पक्कं केलं होतं. माझे चिखलाचे पाय बघून ते शाळेत जाऊन धडकले.

‘चिखल आमाला लय येतो, गुर्जी. पोराला विंग्रजी पायजे.’

त्यांचं चुकलं, असं मला आजही म्हणवत नाही. पण हेडमास्तर घाबरले. मुलांना पुन्हा बाहेर नेणार नाही असं लिहून द्या, नाहीतर उद्यापासून इंग्रजी काढून घेतो, असं त्यांनी सरांना सांगितलं.

‘काढून घ्या,’ सर म्हणाले. ‘सही मिळणार नाही.’

आणि तिथून थेट आमच्या वर्गात येऊन त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं, हेडमास्तरांच्या खिडकीसमोरून. मी एकटा बाकावर बसून राहिलो. सर दारापर्यंत परत आले.

‘आबांनी जाऊ नको म्हटलंय,’ मी म्हणालो.

‘मग बस. बापाचं ऐकणं वाईट नाही. पण तेही तुझं ऐकतात का, हे एकदा बघ.’

मी उठलो. संध्याकाळी आबांना स्वतःहून सांगितलं, आज खाचरात गेलो होतो आणि मला त्याच सरांकडे शिकायचंय.

‘मंग लाव भात,’ एवढंच म्हणून आबा कामावर निघून गेले.

सरांना इंग्रजी पुन्हा मिळालं नाही. निवृत्तीपर्यंत चार वर्षं ते चित्रकला शिकवत राहिले. हेडमास्तर दर जूनला तो हमीचा कागद पुढं करायचे, आणि सर दर जूनला तो सही न करताच परत द्यायचे.