मलाकालहून आलेला संशय

लिंबाजी धनगराच्या घरचा. फौजेतही नशिबी गुरांचाच दवाखाना आला. शांतिसेनेबरोबर तो मलाकालला गेला, तेव्हा दक्षिण सुदान लांबलचक यादवीनंतर फुटून नवा देश झाला होता. नवा झेंडा बघून लोक रस्त्यात नाचायचे. दोनच वर्षांत तेच लोक एकमेकांच्या जिवावर उठले.

लिंबाजी म्हणतो, भांडण आधी दवाखान्यात दिसलं. नेहमी येणाऱ्या एका म्हाताऱ्या गुराख्यानं सुईकडं बोट करून विचारलं, ही आधी कुणाच्या गाईला टोचली? शेजारच्या जमातीच्या, असं कळताच गाय घेऊन जो गेला, तो फिरकलाच नाही.

निवृत्तीनंतर लिंबाजी ईट गावाजवळच्या आपल्या वाडीत मेंढ्यांना लस टोचू लागला. यंदा वाडीनं ईटपासून फुटून वेगळी ग्रामपंचायत मागितली. मागावी की, त्यात वाईट काय! पण पंधरा दिवसांत शेजारच्या कोंडाबाईनं विचारलं, "लस ईटच्या फ्रीजमधली न्हाय ना?"

लिंबाजीला मलाकालचा तो म्हातारा गुराखी आठवला. तेव्हापासून तो मेंढ्या चारतानाही वाडीवर नजर ठेवू लागला. कोण कुणाच्या ओट्यावर बसतं, कोण कुणाला बघून बोलणं तोडतं.

एका सकाळी त्याची गाभण मेंढी पोट फुगून मेलेली दिसली. तो तडक चुलीपाशी गेला.

"काल तुझा भाऊ मेंढ्यांपाशी काय करत होता?"

ईटला माहेर असलेली त्याची बायको धुरपदाबाई भाकरी थापायची थांबली. "गोरोबा? बोकड बघाया आल्ता."

"तिकडची माणसं उगीच येत न्हाईत."

"एकतीस वरसं म्या ह्या घरात काढली," ती म्हणाली. "व्हय, मग म्याबी तिकडचीच की."

तिनं चूल विझवली, चपला घातल्या आणि ईटची वाट धरली. ह्या गड्यानं हाकसुद्धा मारली नाही.

त्यानं मेंढीचं पोट फाडलं. आत ज्वारीचे कोवळे फुटवे गच्च भरले होते, जनावराला ते विषच. काल वाडीवर डोळे लावून बसला असताना त्याच्याच कळपानं ज्वारी कापलेल्या रानात तोंड घातलं होतं. लिंबाजीला स्वतःची शिसारी आली. त्यानं ईटला मेव्हण्याला फोन लावला.

"गोरोबा, मेंढी माझ्याच चुकीनं मेली. तुझ्यावर आळ घेतला, माफ कर."

 पलीकडून गोरोबानं हळूच विचारलं, "दाजी, हे बोलाया तुमाला वाडीतल्या कुणी लावलं?"