अप्पांचे दात

बायको गेली, तिलाही हे सांगितलं नाही. देवासमोर हात जोडले तेव्हासुद्धा एवढं एक वगळूनच बोललो. तुम्हाला सांगतो — का, ते विचारू नका.

निजामाच्या अमलातली गोष्ट. त्या साली ज्वारी उभ्या शेतात वाळली आणि सरकारने पाथरीच्या रस्त्यावर खडीचं काम काढलं. दिवसभर खडी फोडायची, टोपल्या वाहायच्या, तेव्हा संध्याकाळी ज्वारी मिळायची. मी तिथे हजेरी कारकून. चार बुकं उर्दू शिकलेला, त्यामुळे अंगात भारी मिजास.

एक दिवस तहसिलीतून हुकूम आला — साठीच्या पुढच्यांना कामाची माफी, ज्वारी मात्र रोज द्यावी. पण साठी ओळखायची कशी? जन्माची नोंद होती कुणाकडे? तेव्हा मी — हो, मीच — युक्ती काढली. बाजारात बैलाचं वय ठरवतात तसं, दात बघून. म्हाताऱ्यांना रांगेत उभं केलं आणि एकेकाला तोंड उघडायला लावलं. दात पडलेले असतील त्याला माफी. लोक हसायला लागले. मला ते हसणं गोड लागलं, खोटं कशाला बोलू?

रांगेत अप्पा होते. झरीचे, आमच्या शेजारचे लिंगायत. बैलाचा जबडा उघडून दात कसे बघायचे, हे लहानपणी मला त्यांनीच शिकवलेलं. त्यांचं वय मला ठाऊक नव्हतं? माझ्या वडिलांना त्यांनी कडेवर खेळवलं होतं. पण जन्मभर बाभळीची काडी चावलेली — दात सगळे शाबूत.

"तुला ठावं हाय की रं बाबा," ते हळूच म्हणाले. "आता टोपलं उचलंना झालंय." मग माझ्याकडे बघत त्यांनी तोंड उघडलं.

मला नुसतं माफीच्या यादीत नाव लिहायचं होतं. आणि मी काय केलं? बोटाने दात चाचपले आणि मोठ्याने ओरडलो, "जुळलेला हाय! समदे दात पुरे! अजून औताला चालतंय!" सगळा रस्ता हसला. अप्पांनी तोंड मिटलं आणि टोपलं उचललं.

दुसऱ्या दिवशी नाव लिहिता आलं असतं. तिसऱ्या दिवशीही. पण केलेली थट्टा मागे घ्यायची म्हणजे चारचौघांत कमीपणा — तो मला सोसला नसता. सहाव्या दिवशी दुपारी अप्पा टोपल्यासकट खाली बसले, ते उठलेच नाहीत.

त्यांचा मुलगा बसप्पा बैलं घेऊन चाऱ्यासाठी गोदाकाठी गेला होता. तो परतला तोवर काम संपून माणसं आपापल्या गावी पांगली होती; झरीचे तिथे आम्ही दोघंच होतो. त्याने एवढंच विचारलं, "दादा, माफी आल्ती म्हणं. मग अप्पाला का न्हाई भेटली?"

"मी देत होतो रं," मी म्हणालो. "अप्पानंच घेतली न्हाई. कायक केल्याबिगर घास गिळणार न्हाई म्हणाले."

कायक म्हणजे कष्ट, आणि कष्टालाच पूजा मानणारं ते घर. त्याला लगेच पटलं. रडता रडता तो ताठ झाला. आणि मला — लाज वाटते सांगायला — सुटल्यासारखं वाटलं.

दोन वर्षांनी पुन्हा तसंच काम निघालं. कारकून पुन्हा मीच. बसप्पा तापाने फणफणलेला आला. आजाऱ्यांना माफी होती. न विचारताच मी त्याचं नाव लिहायला घेतलं, तर त्याने माझा हात धरला.

"नगं दादा. अप्पानं घेतली न्हाई, मी कसा घेऊ?"

तेव्हा तरी बोलायचं ना? एका वाक्याचं काम होतं. मी त्याचं नाव खडी फोडणाऱ्यांत लिहिलं.

तो जगला, पण छातीने कायमचा अधू झाला. अजूनही धाप लागत लागत नातवंडांना बापाची गोष्ट सांगतो आणि माझ्याकडे बोट दाखवतो, "इचारा ह्यांना, डोळ्यानं बघितलंय." पोरं माझ्याकडे बघतात. मी मान डोलावतो.

अप्पांनी माफी नाकारली नव्हती. ते माझ्यासमोर तोंड उघडून उभे होते.