झालं का?

आमची सकाळ एका प्रश्नाने सुरू होते. ह्यांनी संडासाचं दार उघडलं की मी ओट्यापाशी उभ्या उभ्याच विचारते, "झालं का?" पूर्वी हाच प्रश्न हे मला विचारायचे. साडी नेसायला मला उशीर व्हायचा आणि हे चपला घालून दारात उभे असायचे.

कंपवात म्हटलं की लोकांना थरथरणारे हात दिसतात. पोटाचं कोणी विचारत नाही, आणि सांगायचं तरी कोणाला? इसबगोल, भिजवलेले अंजीर, एरंडेल, डॉक्टरांचं पातळ औषध, सगळं करून झालं. या आजारात आतडीही मंदावतात म्हणे, आणि पोट तुंबलं की हातपाय चालवणारी गोळीही नीट लागू पडत नाही. म्हणजे पोट साफ झालं तर दिवस आमचा, नाहीतर हे खुर्चीत आणि मी खुर्चीशेजारी. मी कंटाळले आहे. हे लिहायची मला लाज वाटत नाही.

उरणला माझ्या भाचीचा साखरपुडा होता. कितीतरी महिन्यांत मी माहेरी गेले नव्हते. तरी मीच ठरवून टाकलं होतं की त्या सकाळी ह्यांचं पोट साफ झालं नाही, तर जायचं नाही. दार उघडलं. मी विचारलं.

"झालं," हे म्हणाले. आवाज आता बारीकच असतो, पण चक्क हसले. मी कपाटातून जरीची साडी काढली.

करंजाड्याच्या आमच्या घरून गाडी केली. अर्ध्या वाटेतच ह्यांचे पाय आखडले. मांडवाशी पोचलो तेव्हा माझ्या भावाने धरून उतरवलं आणि खुर्चीवर बसवलं. वाटलं, गोळी उशिरा चढेल.

जेवणं चालू होती. वहिनी लगबगीने आली नि ह्यांना म्हणाली, "भावजी, झालं का?"

हे खाली बघत म्हणाले, "नाही हो. परवापासून नाही."

"परवापासून जेवले नाय?" वहिनी माझ्यावरच उखडली. "ताई, तुमी करता काय घरी? आणा गो ताट, पापलेट वाढा!"

बायका वळून बघायला लागल्या. माझी तळपायाची आग मस्तकात गेली, पण वहिनीवर नाही. मी ह्यांच्या कानाशी वाकले. "मग सकाळी खोटं का बोललात?"

"माझं काही होत नाही," हे म्हणाले. "म्हटलं, तुझं माहेरपण तरी होऊ दे."

ताट आलं. ह्यांना घास जाईना. मग शेजारी बसून ते मीच जेवले, डोळे पुसत, काटे काढत. दुसऱ्या कोणी वाढलेलं गरम जेवण मी फार दिवसांनी बसून खाल्लं.