कवटीचा डबा

रसायनांच्या गोदामात तिला सगळे कवटीबाई म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तिला ठाऊक होतं आणि तिला त्यात वावगं वाटत नव्हतं. आलेल्या प्रत्येक पिंपाचा, कॅनचा, पोत्याचा धोका कोणत्या वर्गातला ते ठरवून लेबल लावणं हे तिचं काम. पेट घेणारं असेल तर ज्वाळा, कातडी जाळणारं असेल तर हातावर सांडणारा थेंब, चिमूटभराने जीव घेणारं असेल तर कवटी. बिनलेबलाची बाटली दिसली की बाई अशी बघायची की बाटलीनेच ओशाळावं.

नव्या कामगारांना ती एकच धडा द्यायची. "चित्र कशाला असतं? कोणाला वाचता येत नाही, कोणाला चष्मा सापडत नाही, त्यांनाही कळावं म्हणून. लेबल विसरलात तर ओरडेन. खोटं लावलंत तर घरी पाठवेन."

घरी सासूबाई होत्या. त्यांना मधुमेह, आणि डॉक्टरांनी गोड बंद केलेलं. नवऱ्याने सिगारेट सोडल्यापासून तो लिंबाच्या गोळ्या चघळायचा, आणि त्या कुठेही लपवल्या तरी सासूबाईंना बरोबर सापडायच्या. रोजच्या कटकटीला वैतागून बाईने एक दिवस गोदामातून कवटीचं लेबल आणलं आणि गोळ्यांच्या डब्यावर ठसठशीत चिकटवलं. सासूबाईंची पाचावर धारण बसली. घरात शांतता नांदू लागली.

ती फार टिकली नाही. आपला मुलगा त्याच डब्यातलं तोंडात टाकतो आणि शीळ घालत कामाला जातो, हे सासूबाईंनी पाहिलं. मग दुपारी घर रिकामं झालं की त्याही एक टाकू लागल्या. गोळ्या भराभर संपायच्या तेव्हा बाई नवऱ्याला झापायची. तो ऐकून घ्यायचा, कारण आपण नक्की किती खातो याची त्यालाही खात्री नव्हती.

पुढे स्वयंपाकघरात उंदीर झाले. बाईने विषाच्या गुलाबी गोळ्या आणल्या. पाकीट फाटलेलं होतं, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ओतल्या, वर विषाचं नाव लिहिलं, कवटी लावली, डबा वरच्या फळीवर ठेवला आणि हात साबणाने धुतले. नियमाला धरून सगळं चोख केलं.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली तर तो डबा टेबलावर उघडा.

"या नव्या गोळ्या अगदीच बेचव आहेत गं," सासूबाई म्हणाल्या. "तरी दोन-तीन खाल्ल्या, म्हटलं पुढे तरी गोड लागतील."

बाईने एका हातात सासू धरली, दुसऱ्या हातात डबा, आणि दिसेल ती गाडी थांबवली. वाटेत तिने सासूबाईंचा हात सोडला नाही. गोडावरून जिच्याशी रोज वाजायचं ती सासू घरात नसेल, तर त्या घरात जायचं कशाला, हे तिला पहिल्यांदाच कळलं आणि ती हमसून हमसून रडली. "अगं, माझी शुगर तपासली की काय?" सासूबाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी डबा फिरवून पाहिला. नाव स्पष्ट असल्यामुळे उतारा लगेच सुरू झाला. हे विष सावकाश भिनतं, वेळेत आलात, काळजी नको, असं ते म्हणाले. लेबलाचं त्यांनी कौतुकही केलं. मग ते खाटेपाशी वाकले.

"आजी, एवढी मोठी कवटी दिसली नाही का?"

"दिसली की! चष्म्याशिवाय दिसली," सासूबाई म्हणाल्या. "म्हणूनच तर खाल्ल्या. आमच्याकडे गोडाच्या डब्यावर कवटीच असते. सूनबाई लावते."

डॉक्टरांनी सुनेकडे पाहिलं. ती पर्स आवरत होती. पर्समध्ये आवरण्यासारखं काही नव्हतं.